गाड्या वाढल्या की माणसं वाढायची. सर्व्हर वाढले की का वाढत नाहीत?

देवपुरात आता अशी गल्ली शोधावी लागेल, जिथलं एकही पोरगं पुण्यात नाहीतर बेंगळुरूत 'आयटी'त नाही. आपल्या विद्यानगरीतून, शिरपुरातून, जळगावातून दर वर्षी इंजिनिअर पोरं-पोरी बाहेर पडतात आणि हिंजवडी-खराडीच्या बस पकडतात. त्यातली बरीचशी ॲप बनवायच्या कामात असतात. पण एक छोटा गट असतो ॲप चालतं ठेवणारा. सर्व्हर, डेटाबेस, नेटवर्क हे त्यांचं खातं. कंपनीत त्यांना कुणी इन्फ्रा टीम म्हणतं, कुणी डेव्हऑप्स, कुणी एसआरई. रात्री अडीच वाजता तुमचं पेमेंट अडकलं की कुठेतरी एका पोराच्या उशाशी फोन वाजतो. त्या ड्युटीला म्हणतात 'ऑन-कॉल'.

आमच्या गल्लीतल्या एका आईनं मागच्या दिवाळीत मला एका वाक्यात सगळं सांगितलं : "पोऱ्या दिवाळीले घर उना, पन लॅपटॉप उघडीसनच बठना." पोराची स्टार्टअप कंपनी जोरात वाढतेय. ग्राहक दुप्पट झाले, मग चौपट. इन्फ्राला माणसं मात्र दोनच. एक आठवडा हा, एक आठवडा तो. दोन वर्षांत पोराची झोप गेली, वजन गेलं, आणि आता तो म्हणतो, "काका, कामच नको वाटतं."

याला इंग्रजीत बर्नआउट म्हणतात. आणि त्यावर उपाय म्हणून कंपन्या काय देतात? योगाचं सेशन, ध्यानाचं ॲप, शुक्रवारी पिझ्झा. मित्रांनो, हा प्रश्न मुळात योगाचा नाही, हजेरीपटाचा आहे. चोवीस तास चालणाऱ्या कामाला किती माणसं लागतात, हा साधा त्रैराशिकाचा प्रश्न आहे. तो आपल्या खान्देशात आधी दोनदा सोडवला गेलाय. एकदा पांझरेच्या काठी, आणि एकदा भुसावळसारख्या रेल्वेगावांत. तोच इतिहास आज सांगतो. पोस्ट मोठी आहे, चहा घेऊन बसा.

आधी पांझरा

फड पद्धत आपल्याकडे सगळ्यांनी ऐकलेली असते, पण तिच्यातली माणसांची मांडणी फार थोड्यांनी नीट पाहिलीय. पांझरा, कान, मोसम या नद्यांवर काही शतकांपूर्वी लोकांनी दगडी बंधारे घातले, पाट काढले. पाटाखालची जमीन फडांत वाटलेली. एका फडात एका हंगामाला एकच पीक. त्यामुळे पाणी कुणाला किती, कधी, यावरचं निम्मं भांडण आधीच संपायचं.

आता माणसं बघा. पाणी सोडायचं काम पाटकऱ्याचं. प्रत्येक शेतकऱ्यानं रात्री उठून आपापलं दार उघडायचं, असा प्रकारच नाही. पाटकरी वरून खाली क्रमानं सगळ्यांची शेतं भिजवत जायचा. पिकाची राखण जागल्याची. त्यांच्यावर देखरेख हवालदाराची. पाट साफ करणं, गाळ काढणं हे हंगामाआधी सगळ्या लाभधारकांनी मिळून करायचं. या लोकांचा मोबदला गावानं मिळून द्यायचा, ज्याचं जेवढं क्षेत्र त्या हिशोबानं.

यात एक गोष्ट लक्षात घ्या. पाणी चालवणं, जागं राहणं आणि दुरुस्ती करणं ही तीन वेगळी कामं आहेत, हे गावाला माहीत होतं. तिन्हीला वेगळी नावं, वेगळी माणसं. आज स्टार्टअपमध्ये एकच पोरगं पाटकरी असतं, तेच जागल्या असतं, आणि गाळही तेच काढतं. वर त्यालाच सांगतात, तू आमचा हिरो आहेस!

मग रेल्वे आली

फडाचं गणित गावापुरतं होतं. रेल्वेनं तोच प्रश्न हजारो मैलांवर आणून ठेवला. जीआयपी रेल्वेची मुंबईहून येणारी लाईन भुसावळला फुटते. एक फाटा नागपूरकडे, एक इटारसी-जबलपूरकडे. १८७० मध्ये मुंबई आणि कलकत्ता या वाटेनं रुळांनी जोडले गेले आणि भुसावळ हे मोठं जंक्शन झालं. १९०० साली चाळीसगाव-धुळे फाटा सुरू झाला, म्हणजे आपणही त्या जाळ्यात आलो.

रुळ टाकणं एकदाचं काम. चालवणं रोजचं, आणि रात्रीचंसुद्धा. स्टेशनमास्तर, केबिनवाला, पॉइंट्समन, फाटकवाला, ड्रायव्हर, फायरमन, गार्ड. गाडी रात्री तीनला आली तर रात्री तीनला माणूस जागा पाहिजे. सुरुवातीच्या काळात यासाठी कसलं बंधन नव्हतं. एका जागेवर दोन माणसं, बारा-बारा तास, आणि साप्ताहिक सुट्टी म्हणजे साहेबाची मेहेरबानी.

बदल बाहेरून आला. पहिल्या महायुद्धानंतर आंतरराष्ट्रीय कामगार संघटना स्थापन झाली. तिचा १९१९ चा पहिलाच करार कामाच्या तासांवर, आणि १९२१ चा एक करार साप्ताहिक सुट्टीवर. भारतानं दोन्हींना मान्यता दिली. त्यातून १९३० मध्ये रेल्वे कायद्यात दुरुस्ती झाली आणि तासांचे नियम आले : सततच्या कामाला आठवड्याला ६० तास, अधूनमधूनच्या कामाला ८४ तास. आजच्या डोळ्यांना हे आकडे भयंकर वाटतात. पण पहिल्यांदाच कागदावर आलं की माणसाच्या जागं राहण्याला मर्यादा आहे.

खरा महत्त्वाचा टप्पा १९४७ चा. दुसऱ्या महायुद्धात रेल्वेनं तुफान वाहतूक ओढली होती आणि कामगार पिळून निघाले होते. तेव्हा सरकारनं लवाद म्हणून मुंबई हायकोर्टाचे न्यायमूर्ती ग. स. राजाध्यक्ष यांना नेमलं. पुढे पहिल्या प्रेस कमिशनचे अध्यक्ष झाले तेच हे राजाध्यक्ष. त्यांच्यापुढे ठेवलेले प्रश्न वाचले की थक्क व्हायला होतं. कामाचे तास किती, ठरावीक विश्रांती किती, रजा आणि सुट्ट्यांचे नियम काय, आणि चौथा प्रश्न : 'लीव्ह रिझर्व्ह', म्हणजे रजेवर जाणाऱ्याच्या जागी उभी राहणारी राखीव माणसं किती हवीत? राखीव माणूस हा न्यायालयीन निवाड्याचा विषय झाला होता!

राजाध्यक्ष निवाड्यानं काम किती दमवतं यावरून तासांची पुन्हा मांडणी झाली. ज्यात सतत एकाग्र राहावं लागतं, उसंतच नाही, ते 'इंटेन्सिव्ह' : आठवड्याला ४५ तास. नेहमीचं सलग काम 'कंटिन्युअस' : ५४ तास. ज्यात ड्युटीवर असूनही बराच वेळ शांत बसायला मिळतं ते 'इसेन्शियली इंटरमिटंट' : ७५ तास. १९६९ साली नेमलेल्या मियाभॉय न्यायाधिकरणानंतर प्रत्यक्ष वेळापत्रकातले तास आणखी खाली आले. १९८९ च्या रेल्वे कायद्यातही कमाल मर्यादा म्हणून हेच तीन आकडे आहेत, आणि पहिल्या दोन वर्गांना आठवड्यात सलग ३० तासांची विश्रांती.

रेस्ट गिव्हर

आता त्रैराशिक मांडू. आठवड्यात तास १६८. स्टेशनमास्तरची खुर्ची एक मिनिटही रिकामी ठेवायची नाही. तीन माणसांत वाटली तर प्रत्येकाला ५६ तास येतात. मर्यादा ५४. म्हणजे तीन माणसं कायद्यानंच पुरत नाहीत. शिवाय सुट्टी कुणाच्या वाट्याला येत नाही ती वेगळीच.

म्हणून रेल्वेत एक पद असतं, 'रेस्ट गिव्हर'. या माणसाचं कामच दुसऱ्याला विश्रांती देणं. तो आठवड्यात सहा दिवस सहा वेगवेगळ्या माणसांच्या जागी उभा राहतो. सहा जणांमागे एक. दोन छोट्या स्टेशनांना मिळून एक पुरतो, तीन दिवस इथं, तीन दिवस तिथं. पत्त्यावर, पाटीवर, पगारपत्रकावर त्याचं नाव असतं. तो 'जास्तीचा' माणूस नसतो.

त्याच्यावर परत रजेचा हिशोब. एका खुर्चीला वर्षाला तीन पाळ्या गुणिले ३६५, म्हणजे १०९५ पाळ्या. एक माणूस वर्षात किती भरतो? ५२ साप्ताहिक सुट्ट्या गेल्या, हक्काची रजा, किरकोळ रजा, आजारपण, ट्रेनिंग धरून आणखी पंचेचाळीसेक दिवस गेले. उरले २६८. भागाकार करा : चार माणसं आणि वर थोडं. एका खुर्चीला चारपेक्षा जास्त माणसं लागतात. यात आळस नाही, चैन नाही, फक्त कॅलेंडर आहे.

माझे एक मामा रेल्वेत होते. ते म्हणायचे, "ज्या स्टेशनाला रेस्ट गिव्हर मंजूर नाही, तिथं बदली मागू नये." त्यांना मॅनेजमेंटची पुस्तकं माहीत नव्हती. पण नोकरीची जागा कशी पारखायची ते पक्कं माहीत होतं.

आणि या इतिहासातला सगळ्यात कामाचा भाग पुढे आहे. एखादं स्टेशन कुठल्या वर्गात, हे कायमचं ठरलेलं नसतं. दिवसाला चार गाड्या थांबतात तोवर ते 'इंटरमिटंट'. गाड्या वाढल्या की कर्मचारी म्हणू शकतात, आमचं काम पुन्हा मोजा. मग 'जॉब ॲनालिसिस' होतं. कोणी तरी रात्रंदिवस शेजारी बसून मिनिटामिनिटाची नोंद करतं : किती वेळ काम, किती वेळ शांतता. मोजणीत काम वाढलेलं दिसलं तर वर्ग बदलतो, तास कमी होतात, आणि त्याच हिशोबानं नवी पदं मागता येतात. वर्गावरून वाद झाला तर दाद रेल्वेच्या साहेबाकडे नाही, केंद्राच्या प्रादेशिक कामगार आयुक्तांकडे. म्हणजे वाढ झाली की मोजायचं, आणि निकाल देणारा घरचा नको, ही सोय नियमातच.

जिथं मोजलं नाही तिथं काय झालं

रेल्वेचं सगळं छान होतं असं अजिबात नाही. ड्रायव्हर आणि फायरमन या रनिंग स्टाफला हे हिशोब नीट पोचलेच नाहीत. गाडी मुक्कामाला पोचेपर्यंत ड्युटी, मग सिग्नलला चार तास उभं राहावं लागलं तरी. वाफेच्या इंजिनाची धग, हातात फावडं, आणि तास बारा, चौदा, कधी त्याहून जास्त. मालगाड्या वाढत गेल्या, ड्युट्या लांबत गेल्या.

ऑगस्ट १९७३ मध्ये इंजिन चालवणाऱ्यांनी संप केला. तेव्हा सरकारनं मान्य केलं की सही करून चढल्यापासून सही करून उतरेपर्यंत ड्युटी दहा तासांच्या वर जाणार नाही. अंमलबजावणी रखडली. पुढच्याच वर्षी ८ मे १९७४ ला जॉर्ज फर्नांडिस यांच्या नेतृत्वाखाली देशव्यापी संप झाला. सुमारे १७ लाख कामगार, वीस दिवस. मागण्यांमध्ये बोनस होता, पगार होता, आणि रनिंग स्टाफला आठ तासांचा दिवस होता. सरकारनं संप मोडून काढला. हजारोंना अटक झाली, हजारोंच्या नोकऱ्या गेल्या. रेल्वेगावांतल्या जुन्या माणसांना विचारा, त्या वीस दिवसांबद्दल ती अजून आवाज बदलून बोलतात.

योगायोग बघा. त्याच १९७४ साली हर्बर्ट फ्रॉइडेनबर्गर या मानसशास्त्रज्ञानं 'स्टाफ बर्न-आउट' हा लेख प्रसिद्ध केला. न्यूयॉर्कच्या एका मोफत दवाखान्यात मनापासून राबणारे कार्यकर्ते काही महिन्यांत कसे आतून विझतात, हे त्यानं पाहिलं होतं. मन लावून काम करणारेच आधी जळतात, हे त्यातलं निरीक्षण. २०१९ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं बर्नआउटची व्याख्या केली तीही कामाच्या जागेशी जोडून : नीट न हाताळलेल्या कामाच्या ताणाचा परिणाम. तिनं त्याला आजार म्हटलं नाही, कामाशी संबंधित घटना म्हटलं. मग उपाय माणसात शोधायचा की कामाच्या मांडणीत?

आता पुण्यात या

स्टार्टअप सुरू होतं तेव्हा इन्फ्राचं काम खरंच 'इंटरमिटंट' असतं. महिन्यातून एखादा फोन. दोन माणसं पुरतात, कुणाची तक्रार नसते. मग गुंतवणूक येते, जाहिरात होते, ग्राहक वाढतात. महिन्याचा एक फोन आठवड्याचा होतो, मग रात्रीचे तीन होतात. काम 'इंटेन्सिव्ह' झालेलं असतं आणि हजेरीपट अजून पहिल्या वर्षाचाच. गाड्या वाढल्या, पण जॉब ॲनालिसिस कुणी मागितलंच नाही. मागणार कोण? युनियन नाही, कामगार आयुक्त लांब, आणि पोराला वाटतं आपणच कमी पडतोय.

दोन माणसांचं गणित करा. वर्षात ५२ आठवडे, म्हणजे प्रत्येकाला २६ आठवडे उशाशी लॅपटॉप. एक आजारी पडला, एकाचं लग्न निघालं की दुसरा सलग. आणि तो दुसरा सोडून गेला, तर सगळी यंत्रणा कुठे काय आहे ते फक्त याच्या डोक्यात. मग तर याला सुट्टीच नाही.

ज्यांनी हे काम जगात सगळ्यात मोठ्या प्रमाणावर केलं, त्या गूगलच्या इंजिनिअरांनी २०१६ मध्ये यावर पुस्तक काढलं. त्यातले आकडे असे : एका वेळी दोन माणसं ऑन-कॉल धरली, एक मुख्य आणि एक मदतीला, तर एका शहरातल्या टीममध्ये किमान आठ जण हवेत. मग प्रत्येकाला महिन्यातून एकच आठवडा येतो. दोन देशांत वाटलेली टीम असेल तर प्रत्येक ठिकाणी सहा. बारा तासांच्या पाळीत दोनपेक्षा जास्त मोठ्या अडचणी नकोत. आणि रोजच्या धावपळीत निम्म्याहून जास्त वेळ जाता कामा नये, उरलेल्या वेळात त्याच अडचणी कायमच्या मिटवायच्या. फडाच्या भाषेत सांगायचं तर गाळ काढायला वेळ राखून ठेवा, नाहीतर पाणी अडतच राहणार.

१९४७ चे राजाध्यक्ष आणि २०१६ चं गूगल. दोघांनी एकच सांगितलं : राखीव माणूस हिशोबात धरा, आणि काम मोजत राहा.

"पण भाऊ, परवडत नाही"

हा आक्षेप खरा आहे. वीस जणांच्या कंपनीत इन्फ्रालाच आठ जण कुठून आणणार? माझं म्हणणं, आणू नका. पण मग चोवीस तासांचं वचनही देऊ नका. चाळीसगाव फाट्यावर मेल-एक्स्प्रेस सोडायच्या असतील तर त्या हिशोबाची माणसं ठेवावी लागतात. नसतील तर गाड्या कमी सोडा. रात्री फक्त पैसे अडकले तरच फोन वाजू दे, बाकी सकाळी बघू. कोड लिहिणाऱ्यांनाही पाळीत घ्या. ज्यानं बिघाड केला त्याचीही झोप मोडली की बिघाड आपोआप कमी होतात. रात्री जागला त्याला दुसऱ्या दिवशी सुट्टी द्या, रात्रीचा भत्ता द्या. रेल्वे नाइट ड्युटी अलाउन्स देतेच की. आणि दर तीन महिन्यांनी फोन मोजा : किती वाजले, किती वाजता, कुणाचे.

राखीव माणसं वाचवली की पैसे वाचतात असं ज्यांना वाटतं, त्यांनी डिसेंबर २०२५ आठवावा. वैमानिकांच्या साप्ताहिक विश्रांतीचा नियम ३६ तासांवरून ४८ तासांवर गेला, रात्रीच्या लँडिंगवर मर्यादा आली. नियम येणार हे खूप आधी जाहीर होतं. तरी इंडिगोची हजारो उड्डाणं रद्द झाली, लोक विमानतळांवर झोपले, आणि शेवटी त्या कंपनीला नियमांतून तात्पुरती सूट द्यावी लागली. विश्रांतीचा नियम कागदावर होता, विश्रांती देणारी माणसं पुरेशी नव्हती. रेल्वेतही आज तेच दुखणं आहे. नियम जुने आणि चांगले, पण पदं रिकामी ठेवली की नियमाला काही अर्थ राहत नाही. लोको पायलटांच्या संघटना अजूनही त्यासाठी आंदोलन करताहेत.

कायदा काय म्हणतो

महाराष्ट्राचा २०१७ चा दुकानं आणि आस्थापना कायदा आला तेव्हा तो दहा किंवा जास्त कामगारांच्या जागी लागू होता. तेव्हा मर्यादा होती दिवसाला ९ तास, आठवड्याला ४८, आणि ओव्हरटाइमला दुप्पट दर. पण व्यवस्थापकीय, देखरेखीच्या किंवा गोपनीय स्वरूपाच्या पदांना तो लागू नाही. त्यामुळे पोराला 'लीड' ही पदवी मिळाली की पेढे वाटण्याआधी हे कलम वाचून घ्या. सप्टेंबर २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळानं ९ चे १० तास करायला मंजुरी दिली. आणि उशाशी फोन घेऊन काढलेली रात्र कामात धरायची की झोपेत, यावर आपल्याकडे कुणी बोलतच नाही. रेल्वेनं निदान तो प्रश्न १९३० मध्ये विचारला होता : शांत बसलेला पण सुटलेला नाही, अशा माणसाचे तास किती मोजायचे?

आपल्या आमदार-खासदारांना आपण रस्ते, पाणी, मनमाड-इंदूर रेल्वे विचारतो. विचारलंच पाहिजे. पण ज्या पोरांच्या पगारावर देवपुरातले फ्लॅट उभे राहताहेत, त्यांच्या रात्रींचा हिशोबही कधीतरी विचारू.

तोवर एक काम आपल्या हातात आहे. घरातलं कुणी अशा नोकरीच्या इंटरव्ह्यूला चाललं असेल तर त्याला पॅकेजच्या आधी चार प्रश्न विचारायला सांगा. ऑन-कॉलच्या पाळीत एकूण किती जण? मागच्या महिन्यात रात्री किती फोन वाजले? रात्र जागल्यावर दुसऱ्या दिवशी सुट्टी का? आणि मी दोन आठवडे रजेवर गेलो तर माझ्या जागी कोण? शेवटच्या प्रश्नाला समोरचा हसला किंवा गप्प बसला, तर समजा तिथं रेस्ट गिव्हर मंजूर नाही.

तुमच्यापैकी कुणी रेल्वेत रेस्ट गिव्हर म्हणून काम केलं असेल, किंवा घरात कुणी पाटकरी-जागल्या होऊन गेलं असेल, तर कमेंटमध्ये जरूर लिहा. आणि पुण्यात असलेल्या पोरांनो, कंपनीचं नाव नका लिहू, फक्त पाळीत किती जण आहात तो आकडा लिहा. आकडे जमले की पुढची पोस्ट त्यावरच करू.